पेशंट हलला आहे

आदरणीय दादा,

नमस्कार आधी घ्या, रागवायचं मग बघू. गुडघा कसा आहे? (मी काढलेल्या मागच्या एक्स-रे फिल्ममध्ये हाडाला काहीच झालेलं नव्हतं. तोही तुमच्यासारखा अडून बसला असावा.) वहिनींनाही नमस्कार.

पत्राचं कारण तुमची लेक. डॉक्टरकी अर्धवट सोडून ती आकाशाच्या मागे लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, क्ष-किरणच बघायचे होते तर काकाच्या एक्स-रेच्या खोलीत स्टूल टाकून बसायचं. त्यानंतर आठ वर्षं तुम्ही तिच्याशी बोललेला नाहीत. मी मात्र परवा तिच्या ऑफिसात जाऊन घराण्याची अब्रू घालवून आलो. भिंतीवर अंतराळातल्या दुर्बिणीने टिपलेला क्ष-किरणांचा फोटो होता, एक ठसठशीत ठिपका आणि त्यातून निघालेली लांब, गाठीगाठींची रेघ. एकतीस वर्षांची सवय. मी तिच्या साहेबांदेखत बोलून गेलो, पेशंट हलला आहे, पुन्हा घ्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ती म्हणाली, "काका, हा हललाय खराच. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने."

मग तिने समजावलं. (मी मध्येमध्ये मान हलवत होतो, तेवढं येतं.) दूरच्या दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर असतं. त्यात पडेल ते गडप, पण काही आत जाण्याआधीच झोतासारखं बाहेर फेकलं जातं, लाखो प्रकाशवर्षं लांब. आमच्याकडे बटण सोडलं की किरण बंद. तिथे मशीनच नाही. झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्राभोवती गरगरतात आणि स्वतःच क्ष-किरण सोडतात. पण असा इलेक्ट्रॉन थोड्याच वर्षांत दमतो म्हणे, मग वाटेत त्याला नवा जोर कोण देतं? काहींचं म्हणणं वेगळंच. विश्वाच्या सुरुवातीचा मंद उजेड अजून सगळीकडे भरून आहे (तुमच्या अंगणातसुद्धा, दादा), त्याला हे धावते इलेक्ट्रॉन धडकतात आणि तोच उजेड क्ष-किरण होऊन उसळतो. खरं काय, ते तुमची लेक शोधते आहे. मी आयुष्यभर लोकांच्या बरगड्या बघितल्या आणि मला वाटायचं, हे किरण आपण करतो. तिथल्या खुर्चीवरून मला बराच वेळ उठवेना. अंगावर काटा आला होता, आणि खोटं कशाला सांगू, डोळेही भरले होते.

इथे आम्ही सगळे धडधाकट आहोत.

तुमचा धाकटा

ता. क. : ती जरा बारीक झाली आहे, पण तब्येत ठीक.

आणखी ता. क. : काका, तुम्ही आज इकडे कसे, असं तिने विचारलं. मी सांगितलं, तुझ्या बाबांनी पाठवलं, तिचं काम नीट बघून ये म्हणाले. त्यावर ती फोटोकडे तोंड करून उभी राहिली. रविवारी सकाळी दहाला ती आभार मानायला तुम्हाला फोन करणार आहे. तेवढा फोन वहिनींच्या हातात देऊ नका.