हिंगाची डबी

१२ जानेवारी, रविवार

लिहायला फार उशीर झाला, वहीची माफी मागतो. उजव्या अंगठ्याला टाके होते. नातू चावला — कानिफ. सोडेचना! त्याच्या बापानं, आसारामनं, नाकावर बुक्की घातली तेव्हा जबडा उघडला. रक्त त्याचं का माझं, कळेना. अजून पेन नीट धरता येत नाही.

कानिफ पंधराचा. बोलत नाही. लहानपणीच नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं — स्वमग्न आहे. पण मारकुटा नव्हता! माझ्या शेजारी बसून शेंगा फोडायचा, दाणे माझ्या ताटलीत, टरफलं त्याच्या. दिवाळीपासून काय झालं कोण जाणे. भिंतीवर डोकं आपटतो. आईचे केस धरून फरफटतो. टीव्हीत पाटा घातला.

आसाराम म्हणतो, "वयात आलाय तात्या. आता ह्ये असंच राह्यचं."

रुपाली, म्हणजे सूनबाई, तिच्या गालावर ओरखडे आहेत. पावडर लावून अंगणवाडीत जाते.

मला भीती वाटते. त्याची, का त्याच्यासाठी — तेच समजत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

सणाच्या दिवशी कपाळ फुटलं! रुपाली तीळ भाजत होती, मी खुर्चीत. कानिफनं फळीवरून बायकोची, साळूची, हिंगाची डबी उचलली, माझ्यापुढं येऊन उभा राहिला. डबी माझ्या छातीला टेकवली, ढोसली. "काय रे?" म्हटलं. पुन्हा ढोसली. मी हात बाजूला सारला, तर हाणलीच! पितळेची आहे, जड. डोळा थोडक्यात वाचला. मागं आसारामलाही हीच मारली होती.

रुपाली ओरडली, "ती डबी फेका तुमी आधी! जड म्हणून बरोबर तीच घावती त्याला."

साळूला जाऊन दोन वर्षं झाली. बायकोची वस्तू फेकवत नाही. ट्रंकेत घातली, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. कानिफ बघत होता. मग त्यानं ट्रंकेवर लाथा घातल्या, पत्रा चेपेपर्यंत. मग स्वतःचा हात चावत सुटला. मग पुन्हा ट्रंक.

१५ जानेवारी

डोक्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांत व्हायची गोळी वाढवली.

नवीनच सुरू झालंय — चड्डीला डाग. पातळ, थोडं थोडं, दिवसभर. आसाराम तिथंच दोन थपडा देतो. "एवढा घोडा झाला आन् चड्डीत हागतो!" रुपालीनं मेडिकलमधून जुलाब बंद व्हायच्या गोळ्या आणल्या. जेवण म्हणाल तर बिस्किटं आणि पांढरा भात. भाजी वाढली की ताट भिंतीवर.

१७ जानेवारी, शुक्रवार

शेजारच्या ज्योतीच्या खिडकीत दगड. ती दारात आली. "तात्या, तुमचं पोरगं बांधून ठिवा, न्हाईतर आमी पोलिसात जातो." मी हात जोडले.

आसारामनं बांधलाच. गोठ्यात, गायीच्या दाव्यानं. मनगटं सोलून निघाली.

लांबची कुठलीशी संस्था आहे. अशी मुलं ठेवून घेतात. आसाराम म्हणाला, "सोमवारी सोडून येतो त्याला."

मी म्हटलं, "तिथं मारतील रे त्याला!"

"मग हितं काय पुजा करतोय का आपन?"

 

१८ जानेवारी

शेवगावहून रोहिणी आली, माझी मुलगी. कडेवर दोन महिन्यांची तान्ही. कानिफला जायच्या आधी बघायला आली. बाळाला त्याच्यापासून लांब ठेव, असं मी तिला दहादा सांगितलं. "तात्या, तुमच्या काळजीनंच मी आजारी पडंल," म्हणाली.

१९ जानेवारी, रविवार

 

सकाळी रोहिणीनं अंगणात गोधडी टाकून तान्हीला उन्हात निजवलं. ती पाय आखडून रडत होती. "पोटात वारा धरलाय. तात्या, आईची हिंगाची डबी कुठंय?" मी ट्रंक उघडून दिली. तिनं कोमट पाण्यात हिंग उगाळला, बाळाच्या बेंबीभोवती लावला. वास सुटला.

कानिफ गोठ्यातून आला. दावं तोडून! असा हंबरला की कावळे उडाले. रोहिणीला ढकललं, ती रांजणावर आपटली. गोधडी ओढली — तान्ही गडगडत मातीत! मेली असं वाटलं मला.

आसाराम ठिबकची नळी घेऊन धावला. पाठ, पाय, मान, दिसेल तिथं हाणत होता. आणि मीही काठी घातली. मी! पोटच्या पोरालाही कधी हात लावला नाही, त्या मी. एक घातली, दुसरी उचलली.

आणि दिसलं. तो उठत नव्हता. हात उगारत नव्हता. तान्ही होती त्या जागी उताणा पडला होता आणि दोन्ही हातांनी सदरा गळ्यापर्यंत वर धरला होता. नळी पोटावर बसली तरी सदरा खाली केला नाही.

साळू लावायची त्याला. पोट दुखलं की डबी आणून तिच्या हातात द्यायचा, असाच सदरा वर करून निजायचा. चांगला मोठा झाला होता तरी. ती हसायची, "माझं बाळ आलं व्हय?" मी रोज बघायचो की हे! मला मारायला डबी आणत नव्हता तो. मी घेत नव्हतो, म्हणून मारायचा.

आसारामच्या अंगावर पडलो, नळी धरली. "पोट दुखतंय त्याचं! पोट!" रोहिणी तान्हीला छातीशी धरून रडत होती. बाळाला खरचटलंय फक्त. देवाची कृपा.

मी हिंग लावला. पोट दगडासारखं. त्यानं माझा हात धरून ठेवला, चावलेलाच हात, आणि तिथंच दाबला. मग झोपला.

२० जानेवारी, सोमवार

शांत! दिवसभर शांत. रुपाली म्हणाली, आज नका नेऊ. आसाराम म्हणतो, "नळी लागू पडली." मी म्हणतो, हिंग. ज्योतीलाही कुंपणावरून सांगितलं — बघा, पोटाचंच दुखणं होतं, माझ्या साळूच्या डबीनं गेलं. दोनदा आणखी लावला. रोहिणी परत गेली, जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. त्यानं फिरवू दिला.

बिस्किट घेतलं नाही. असू दे, उद्या खाईल.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी हिरवी उलटी. पोट नगाऱ्यासारखं. दाबलं तरी हात झटकत नाही. कानिफ माझा हात झटकत नाही!

टेम्पोत घालून सोनईच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पोटाला बोटं लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. "पोट शेवटचं कधी दाखवलंत?"

 रुपाली म्हणाली, "मारत हुता म्हणून डोक्याचं दाखवत हुतो."

"शौचाला?"

"पातळ हुत हुतं की. बंद व्हायच्या गोळ्या दिल्या."

"बाई, आत गच्च अडकलं होतं. बाजूनं पाझरत होतं ते. काही महिन्यांचं दुखणं आहे हे. आता आतड्याला पीळ पडलाय बहुतेक. नगर गाठा, थांबू नका."

मी विचारलं, "काल तर शांत होता, साहेब?"

"ताकद संपली होती त्याची," म्हणत त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

ॲम्ब्युलन्समध्ये मला जागा नव्हती. आसारामनं त्याला लहान पोरासारखा उचलून आत ठेवला. पाठीवरचे नळीचे वळ नर्सला दिसू नयेत म्हणून सदरा खाली ओढत होता. मी डबी कानिफच्या हातात दिली. बोटं मिटली नाहीत. डबी रस्त्यावर पडली. झाकण चेपलं.

२२ जानेवारी, बुधवार

पहाटे ऑपरेशनला आत घेतलं, एवढं रुपाली बोलली. त्यानंतर फोन नाही. मी लावतो तर लागत नाही. आसाराम, रुपाली — कोणीतरी लवकर कळवा रे. सगळं नका सांगू. शुद्धीवर येऊन त्यानं कोणाला मारलं का, एवढंच कळवा.