दादाच्या मागावरच्या मुंग्या

ता. २ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू मला पुन्हा आगाऊ म्हणालीस. असेन. पण तुमचं हे नुसतं मान डोलावणं मला पटलेलं नाही. दादाच्या डोक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजारात तो काही बोलला तर वाद घालू नका. ठीक. तीन महिने तो सांगतोय की मुंग्या माझ्या मागावर आहेत, आणि तुम्ही हो हो म्हणत त्याची गोळी वाढवून आणलीत. खाली वाकून एकाने तरी पाहिलं का? इकडे मीही हसलोच म्हणा.

आता हसू येत नाही. आमच्या धुलाई कारखान्यात मळके कपडे निवडायचं काम माझ्याकडे आलंय. मला अक्षरं जड जातात, पण डाग चटकन वाचता येतात. चाळीस विजारींचा ढीग, आणि मुंग्या फक्त मुकादमाच्या विजारीला! मी खिसे उलटे केले, काही नाही. इस्त्रीवाली मावशी म्हणाली, अरे येड्या, त्याला साखरेचा आजार आहे, लघवीतून साखर जाते. मुकादम दिवसभर पाणी ढोसतो. दादाही तांब्यावर तांबे पितो, असं तूच लिहिलंस.

तर आगाऊपणे विचारतो, दादाच्या मुंग्या जातात कुठे? उलट टपाली कळव. आगाऊ माणसावरही थोडा लोभ ठेव.

तुझा धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

खिडकीतून निघतात आणि थेट मोरीत जातात, दादा लघवीला बसतो तिथे. मी आणि दादा गुडघ्यांवर रांगत त्यांच्या मागे गेलो. मोरीच्या दाराशी तो वळून म्हणाला, "मग? मी काय सांगत होतो?" मला आधी रडू आलं, मग दोघं असे हसलो की वरच्या मजल्यावरची बाई खाली बघायला आली.

रक्त तपासलं. साखर चारशेच्या घरात. डोक्याच्या डॉक्टरांनी जुने कागद चाळले. म्हणाले, त्या गोळीने वजन आणि साखर वाढू शकते, मधूनमधून मोजायला हवी होती, माझंच चुकलं. गोळी बदललीये, बंद केलेली नाही. साखरेचं औषध वेगळं.

दादा आता डोक्यावर बसलाय. म्हणतो, बाकीचंही तपासा. वरची बाई त्याच्या विचारांची नोंद ठेवते म्हणे, ते बघायला मला पाठवलं. गेले. ती दुधाचा हिशोब लिहीत होती. दादाला सांगितलं, तर म्हणाला, "ठीक. एक खरं, एक नाही."

ते कपडे निवडल्यावर हात धूत जा. माया आहेच, ती कळवायची नसते.

ताई

ता. २ एप्रिल

चि. धाकट्या,

रोज पाऊण तास चालतो. वजन दोन किलो उतरलं. मुंग्या मोजतो. सोमवारी तेरा होत्या, आज चार. डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला, हसले नाहीत. चपलेने टाचेला फोड आलाय. मुंग्या कमी झाल्याने जरा सुनं सुनं वाटतं. तू ये. नुसतं हो म्हणू नकोस.

दादा

ता. ९ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

चार! मी ते सगळ्या कारखान्याला ओरडून सांगितलं. मुकादम इतका जळला की तोही आता जेवणानंतर अंगणात फेऱ्या मारतो, आणि मागे मी, मोजायला. त्याच खुशीत त्याच्याकडून सुट्टी काढली. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला येतो. नुसतं हो नाही, तिकीट खिशात आहे.

फोड आजच डॉक्टरांना दाखव. साखरवाल्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत, मुकादमाचा अंगठा मी पाहिलाय. चपला फेक आणि मऊ, बंद बूट घे. ताईला सांग, आगाऊ येतोय. तुझा लोभ वाढू दे, वजन नको.

तुझा धाकटा

ता. क. बुटांचे पंधराशे पाठवतोय. वर एक रुपया जास्त आहे, त्याची चिमूटभर साखर आणून मुंग्यांसाठी खिडकीबाहेर ठेव, तुझ्यापासून लांब. तीन महिने त्या घरात तुझ्या बाजूने फक्त त्याच होत्या. एकूण पंधराशे एक.