कोमट पिशवी

४ फेब्रुवारी, मंगळवार

गरम पाण्याची पिशवी कोमट लागली. ऑफिसातून आले, ओटीपोटावर धरायला म्हणून खुंटीवरून काढली, तर आत पाणी. सकाळी मी ती रिकामी करून उलटी टांगली होती. टांगली होती ना? हो, टांगली होती.

दिवसभर घरात एकट्या थोरल्या जाऊबाई असतात. विचारलं, तर म्हणाल्या, "मी कशाला हात लावू तुझ्या त्या पिशवीला?" 'त्या'वर जोर.

६ फेब्रुवारी

तीन वर्षं झाली या दुखण्याला. जंतू नाहीत, खडा नाही, सगळे रिपोर्ट स्वच्छ – आणि लघवीच्या जागी आत निखारा ठेवल्यासारखं. जाऊन आलं की पाच मिनिटं बरं, मग पुन्हा तेच. नोकरी पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर. लोक गळक्या नळांबद्दल तावातावाने बोलत असतात आणि मी टेबलाखाली पायाला पाय आवळून बसलेली. शेजारचा कारकून म्हणतो, "बाई, तुमचाही वॉशर बदलून घ्या." मीही हसते. न हसून सांगते कोणाला?

घरात मात्र हसण्यावारी गेलं नाही. पहिल्या वर्षीच जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "रिपोर्टात काही नाही म्हणजे मनाचे खेळ. कामं टाळायची नाटकं." दीर मान हलवत होते. हे पेपर वाचत होते.

७ फेब्रुवारी

आज जाऊबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं, "तुला नक्की कुठे दुखतं गं? बसल्यावर जास्त की उभं राहिल्यावर? आणि गेल्यावर थांबतं का?"

तीन वर्षांत पहिल्यांदा. आवाज गोड. मी जेवढ्यास तेवढं सांगितलं. ही चौकशी कशासाठी? मी एकदा एक सांगावं, एकदा दुसरं, आणि मग जाऊबाईंना म्हणता यावं – बघा, हिचं हिलाच माहीत नाही.

१० फेब्रुवारी

माझी भाजी वेगळ्या पातेल्यात असते. तिखट नाही, टोमॅटो नाही, आंबट काही नाही. सकाळी मीच करते, संध्याकाळी तीच खाते. आज डावाने वरून सारखी करून ठेवली. आले तेव्हा एका कडेने उकरलेली.

रात्री जेवल्यावर दुखणं भडकलं. भाजीत काही पिळलं असेल का? खरंच दुखतं की नाही याची परीक्षा? चवीला तर काही कळलं नाही. असं लिहिताना लाज वाटते – पुरावा काय माझ्याकडे? आज दुपारी साहेबांच्या निरोप समारंभात अर्धा कप कॉफी घेतली होती. तेही लिहून ठेवते. पण पातेलं आपोआप उकरलं जात नाही.

१३ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. पिशवी, पातेलं, प्रश्न, सगळं.

"वहिनीवर आळ घेतेस? तिला दुसरे उद्योग नाहीत?"

"मग पिशवी कोण भरतं?"

"तूच विसरली असशील."

म्हणजे आता दुखण्याबरोबर विसरभोळीही झाले. मी म्हटलं, वेगळं निघू या. माझी चूल, माझं पातेलं. नाहीतर मी एकटी जाते. मग ह्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. पेपर ठेवला म्हणजे ऐकलं.

१५ फेब्रुवारी

सुट्टी. दोनदा संडासाचं दार उघडलं आणि दोन्ही वेळा जाऊबाई बाहेर उभ्या. पहाराच.

१६ फेब्रुवारी

ह्यांनी चहाच्या वेळी थोरल्या भावाला सांगितलं – पुढच्या महिन्यात आम्ही वेगळे निघतो, जागा पाहिली आहे. दिरांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे नाही.

जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "बरं." उठून आत गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. जेवायलाही नाही. नाटक, दुसरं काय. वीस वर्षांचं एकत्र घर मी मोडतेय हे मला कळतं. पण दुखणं खोटं ठरवणाऱ्यांच्या हातचं पाणीसुद्धा आता मला जड जातं.

१८ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी आज वेळ बदलून सकाळची दिली होती. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरायची सवय मोडायची म्हणून जाते त्यांच्याकडे, महिना झाला. बाहेरच्या बाकावर बसले. मदतनिसाने आमचं आडनाव पुकारलं, मी उठले. कोपऱ्यातून आणखी एक बाई उठली.

जाऊबाई.

माझ्याजवळ येऊन त्या हळूच बोलल्या, "सहा महिने झाले. आग होते नुसती. तुझं बिनतिखटाचं खाल्लं की जरा निभतं."

"सांगायचं नाही का, ताई?" मी म्हटलं.

"घरी बोलू नकोस हं," त्या म्हणाल्या. "तुझं काय केलं आम्ही, बघितलंय ना मी."