तो फोटो मी टाकला

मंगळ. ४ मार्च
घरफोडीला तीन आठवडे झाले. पोलिसांकडून फक्त तक्रारीचा नंबर. आईच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. नितीन अजून झोपायच्या आधी सगळी दारं दोनदा बघतो. आज समोरच्यांची गाडी चोरीला गेली. संध्याकाळी क्रेग आला, कोपऱ्यावरच्या घरातला. कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहतोय. म्हणाला, पोलीस काही करणार नाहीत, आपला रस्ता आपणच राखायचा. पहाऱ्याचा ग्रुप काढलाय. नि.ने लगेच नाव दिलं. मेसेजच्या ग्रुपमध्ये मीही.

शनि. ८
क्रेगकडे बार्बेक्यू. मी पनीर टिक्का नेला, सगळा संपला. नि.ला पहाऱ्याचं नारिंगी जॅकेट मिळालं. परतताना म्हणाला, "मृदुला, सहा वर्षं ऑस्ट्रेलियात, या टूवूंबात आहोत. या रस्त्यावर आज पहिल्यांदा कोणी मला नावाने हाक मारली." नाव 'निटिन' झालं होतं. तरी किती खूश.

बुध. १२
सुट्टी. कपडे वाळत घालत होते, फोन वाजला. दाराचा कॅमेरा. टोपीवाला माणूस, पन्नाशी उलटलेला, फाटकावरून आत डोकावतोय. गेला, परत आला. आत येऊन मागचं दार लावलं. फोटो ग्रुपवर टाकला: 'हा कोण? कुणी ओळखतं का?' एवढंच. धडाधड उत्तरं. क्रेगचं: 'लीव्ह इट विथ अस.'
बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

शुक्र. १४
नि. संध्याकाळी पाचला आला. बेसिनपाशी किती वेळ हात धूत होता.
"सापडला तो. बागेपाशी."
"पोलिसांना दिलात?"
"पडला. कुणीतरी अँब्युलन्स बोलावली."
चहा तसाच गार झाला.

सोम. १७
वॉर्डात नवा पेशंट माझ्या यादीत. लिऑन, वय ५८. खुब्याचं हाड मोडलंय, शनिवारी ऑपरेशन झालं. कागदावर 'मारहाण'. चेहरा सुजलेला, तरी ओळखला. वॉर्डाची फिजिओ मी, त्याला परत चालायला शिकवायचं काम माझं.
उठवून बसवताना विचारलं, त्या भागात कशाला गेला होतास?
भाड्याची खोली बघायला. १४, बँक्सिया कोर्ट. दोन महिने गाडीत राहतोय.
आमचं १४, बँक्सिया स्ट्रीट. कोर्ट म्हणजे मागची बंद गल्ली. त्यांची पार्सलं चुकून आमच्याकडे येतात, मीच नेऊन देते.
बुधवारी घर सापडलं नाही म्हणून शुक्रवारी परत शोधायला आला होता.

मंगळ. १८
नि.ला सांगितलं. आधी कपाळाला हात लावून बसला. मग, "मी त्याला हात लावला नाही. शपथ. मी फक्त आपली गाडी त्याच्या गाडीला आडवी लावली. तो निघून जाऊ नये म्हणून."
"बाहेर कुणी ओढला?"
"क्रेगने. अजून दोघं होते."
"आणि तू?"
"गाडीतच होतो. काच वर केली."
काच वर केली. सतरा वर्षं संसार केलाय या माणसाबरोबर. पालसुद्धा मारत नाही, कागदावर घेऊन बाहेर सोडतो...

गुरु. २०
क्रेगचा मेसेज: सगळ्यांनी जुने मेसेज काढून टाका. इथल्या पेपरात त्याचा हसरा फोटो, शेजाऱ्यांना आता सुरक्षित वाटतंय म्हणे. पोलीस साक्षीदार शोधताहेत.
नि. म्हणाला, "पुढच्या महिन्यात सिटिझनशिपचा समारंभ आहे. माझ्यावर केस झाली तर? तू मेसेज काढलेस ना?"
हो म्हटलं. काढले नाहीत.

सोम. २४
लिऑन वॉकर घेऊन आठ पावलं चालला. खिडकीपर्यंत. घामाघूम. माझा दंड घट्ट धरून म्हणाला, "तिथे काय करत होतास, हे सगळेच विचारतात. तूही विचारलंस. पण तू उत्तर ऐकून घेतलंस."
ती खोली दुसऱ्याला गेली. इथून सुटल्यावर कुठे जायचं ते ठरत नाही. सोशल वर्कर जागा शोधतेय.
स्टाफच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग पुढचा पेशंट.

बुध. २६
सांगितलं लिऑनला. फोटो मी टाकला होता. चौदा नंबर माझा.
त्याने वॉकर बाजूला सरकवला.
"तुला माझी भीती वाटली?"
"हो."
मान हलवली. रागाने नाही. राग चालला असता. मग म्हणाला, "उद्यापासून दुसऱ्या कुणाला पाठवशील?"
हो म्हटलं. वॉकर त्याच्या हाताला येईल असा ठेवला. बॉसला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "पोलिसांकडे गेलीस?"

गुरु. २७
पोलीस स्टेशन. फोन दाखवला. फोटो, मेसेज, क्रेगचं नाव. पोलीस बाई शांतपणे लिहून घेत होती. मग म्हणाली, "आणि गाडी कुणी आडवी लावली होती?"
पाणी मागितलं. ग्लास संपवला, तरी ती थांबलेलीच. म्हटलं, हे उद्या येऊन सांगितलं तर चालेल?
माझ्याकडे नीट बघितलं तिने. "उद्या साडेनऊपासून मी इथे आहे."
घरी आले तर नि.ने खिचडी टाकली होती. कुठे होतीस, विचारलं नाही. तूप हवं का, तेवढं विचारलं. हो म्हटलं. त्याने वाढलं. दोघं जेवलो.