अम्मीने सांगितलेला शेवटचा भाग

नागपूर

प्यारी अम्मी,
सलाम आणि खूप याद.

तुझ्यामुळे माझे पुलाचे नकाशे काल कॉलेजात वेळेत जमा झाले.

आठवडाभर ते काम टाळून मी आपली जुनी मालिकाच परत परत बघत होते. फोनवर सांगितलं तेव्हा वाटलं, ओरडशील. तू म्हणालीस, "ती बंद कर नि पेन्सिल घे. पुढचे भाग मी सांगते."

तू सांगत गेलीस, मी रेषा ओढत गेले. मध्येमध्ये खोकत होतीस. दवाखान्यात गेलीस का? अब्बांची होडी दुरुस्त झाली? इथलं जेवण बरं आहे, काळजी नको.

मालिकेतली मुलगी शेवटी दुबईतच राहते, अम्मी. तू तिला आपल्या आगरदांड्याच्या जेटीवर उतरवलंस, तेव्हा माझी पेन्सिल थांबली.

ईदला येते. अल्लाह तुला सलामत ठेवो.

तुझीच,
हफ्सा