चौदा महिन्यांचा दाखला

प्रिय धाकटे,

तुझं पाकीट गेल्या सोमवारी मिळालं. एवढं कळवायला एक ओळ पुरली असती, पण तुझी ताई एका ओळीत कधी आवरली आहे का? फोन करायला हवा होता, हे कळतं. पण फोनवर तू लगेच माझ्या जेवणाखाण्याची चौकशी सुरू करतेस आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे.

इकडे त्या अनुदानाच्या अर्जाने डोकं उठवलं होतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर औषध थोडे दिवस लागू पडतं आणि मग पेशी त्याला दाद देईनाशा होतात. असं का होतं, या एका प्रश्नामागे माझी किती वर्षं गेली ते तू बघितलं आहेस. पाच वर्षांचं हे अनुदान मिळालं तर माझी स्वतःची लॅब होणार होती, नाहीतर दोन महिन्यांत टेबल रिकामं करायचं. समितीला काम पसंत पडलं. घोडं अडलं ते पात्रतेवर. डॉक्टरेट मिळून दहा वर्षं व्हायच्या आत अर्ज करावा लागतो आणि माझी दहा वर्षं उलटून आठ महिने झालेत. आमच्या ऑफिसातल्या बाईंनी नियमावर बोट ठेवून दाखवलं. घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा करायला काम सोडावं लागलं असेल, तर तेवढा काळ वजा होतो. मग माझी फाइल चाळत म्हणाल्या, "अहो मॅडम, तुमचे हे चौदा महिने मोकळेच दिसतायत की. तेव्हाच आईंचं आजारपण होतं ना? मग झालं तर."

कागदावर ते महिने मोकळे आहेत हे खरं. करार संपला होता, नवी नोकरी नव्हती. पण मी कुठे होते ते तुला माहीत आहे. माझ्या पीएचडीच्या सरांच्या लॅबमध्ये, बिनपगारी, त्याच टेबलाशी. तू विचारायचीस, कधी येतेस? मी म्हणायचे, पेशींना एक दिवसाआड खायला घालावं लागतं, नाहीतर मरतात. ते खोटं नव्हतं, पण शेजारच्या टेबलावरच्या मुलीने ते काम हसत केलं असतं. मला आईला बघायची भीती वाटत होती. तो आजार पुढे काय काय करतो हे मला पाठ होतं. ते तिच्या चेहऱ्यावर बघायला लागू नये म्हणून मी इकडे तोच आजार काचेच्या बशीत वाढवत बसले. आले ती सगळं आटोपल्यावर. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही.

शुश्रूषेत आपण नेमकं काय केलं, ते अर्जात तीनशे शब्दांत लिहायचं होतं. मी लिहायला बसले आणि एक वाक्य सुचेना. मग तुझे जुने मेसेज काढले. तू रोज एक पाठवायचीस आणि मी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी व्हायचे. 'आज दोन चमचे सूप.' 'उजव्या कुशीवर झोप लागली, डाव्या नाही.' 'नखं कापली. ओरडली मला, फार खोल कापतेस म्हणून.' 'तुझी चौकशी करत होती. सांगितलं, पेशींना भरवतेय. म्हणाली, बरं झालं, कुणीतरी जेवतंय.' हा शेवटचा सोडून बाकी सगळे घेतले आणि सगळीकडे 'मी' घातलं. वाचून ऑफिसातल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खाली मान घालून बसले.

तेव्हापासून एक भलतंच सुरू झालंय. मला आठवायला लागलंय. भरदुपारी सूक्ष्मदर्शकाशी बसलेली असते आणि तळहातावर नखाचा तुकडा पडल्यासारखं वाटतं. मूठ उघडून बघते, काही नसतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की वाटीवर चमचा घासल्याचा आवाज येतो. परवा पेशी उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी कूस बदलली. मी वळून बघितलं नाही. आईच होती. म्हणाली, "धाकटे, पाणी दे गं." मी दिलं असतं, पण तिने तुला हाक मारली होती. कामाचा ताण आहे, मनाचे खेळ आहेत, हे सगळं मला समजतं. डॉक्टरांकडेही जाऊन आले. पण हाक ऐकू येते तेव्हा हे शहाणपण कामाला येत नाही. आणि खरं सांगू, मी त्या हाकेची वाट बघायला लागले आहे. तुझ्या वाट्याची आई मी चोरून बघते आणि मला ते हवंसं वाटतं, याची मला लाज वाटते.

समितीने घरच्या दुसऱ्या माणसाचा दाखला मागितला तेव्हा मी तुला कोरा फॉर्म पाठवला, वर 'भरून, सही करून पाठव' एवढीच चिठ्ठी. वाटलं होतं, तू फोन करून चार शिव्या घालशील. तीच आशा होती. पण तू मुकाट्याने भरून पाठवलास. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीपुढे माझं नाव. आणि त्याखाली, 'रुग्णाजवळ राहिलेली अन्य व्यक्ती' या ओळीवर तुझ्या गोल अक्षरात, 'कोणी नाही.' आठवडाभर मी तेच दोन शब्द बघते आहे. फॉर्म द्यायची तारीख काल संपली. तो माझ्या पर्समध्येच राहिला, म्हणजे मीच ठेवला. ऑफिसातल्या बाईंना काय ते खरं सांगून आले. फॉर्म या पत्रासोबत परत पाठवते आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव. शनिवारी मी घरी येते. मला पहिल्या दिवसापासून सगळं सांग. ती कशावर चिडायची, कशाला घाबरायची, माझ्याबद्दल काय बोलली, वाईट असलं तरी सांग. परक्या बाईला सांगावं तसं सांग, काही गाळू नकोस. मी तिथे नव्हते.

तुझीच,
ताई