परडीतली उलटी मुळं

एकोडी, सातवी माळ

...अन् तेवढ्यात आई आली, म्हणून मी फोन कापला, आत्याबाई. राग मानू नका, पाया पडते. तुमचे गुडघे कसे आहेत? मामाजी चहात चोरून साखर घेत नाहीत ना? फोनवर बोललं की आई बाजूले येऊन बसते, म्हणून तुमच्या गावाकडं निघालेल्या प्रवीणदादाच्या हाती हे पत्र पाठवून राहिली.

तर गोष्ट माझ्या बी.एस्सी.च्या प्रोजेक्टची आहे. मुळाले जमीन कोणीकडं आहे हे कसं समजते? त्यात ऑक्झिन नावाचं एक हार्मोन असते, ते निरोप नेते की बाबा, खाली इकडं आहे, वळ. (ग्रॅव्हिटीले मराठीत गुरुत्वाकर्षण म्हणतात, हे मले मागच्या महिन्यात समजलं. कॉन्व्हेंटची कृपा.) आमच्या कॉलेजच्या कैलाश सरांनी मले एक केमिकल दिलं. ते या निरोप्याले रस्त्यातच चहाले बसवून ठेवते. मग मूळ गोंधळते अन् वाटेल तिकडं जाते, वरही येते. त्या पाण्यात मी अर्धा किलो गहू भिजवला (सर पन्नास दाणे म्हणाले होते, पण मले उत्साह), स्टीलच्या डब्यात भरून ओट्याखाली ठेवला अन् वर इंग्लिशमध्ये चिठ्ठी लावली, 'डू नॉट टच'. आईले इंग्लिश वाचता येत नाही हे घरात सगळ्यांले माहीत आहे, फक्त चिठ्ठी लिहिताना मले आठवलं नाही. घट बसायच्या सकाळी तिनं डबा उघडला, आयता भिजलेला गहू पाहिला, पोरीले शेवटी अक्कल आली म्हणून डोळे पुसले अन् देवीच्या परडीत पेरून टाकला. मी उठली तेव्हा अगरबत्ती लागून गेली होती.

चौथ्या माळेले मुळं मातीतून वर. पांढरी, कुरळी, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी, अन् वरचा हिरवा कोंब, आपला जवारा, आडवातिडवा. आत्याबाई, एवढा सुंदर रिझल्ट लॅबमध्ये एकदाही आला नव्हता. मी फोटो काढून राहिली होती अन् आई भिंतीले टेकून बसली. शेजारच्या धुरपताबाईनं चष्मा पुसून दोनदा पाहिलं अन् म्हणाली, "मुळं घराबाहेर निघून राहिली वहिनी. पोरीले नागपूरले धाडशील तर वापस येणार नाही." (तिची स्वतःची पोरगी पुण्याहून दिवाळीलेही येत नाही. तो राग माझ्या गव्हावर निघाला.)

मागच्याच महिन्यात आई पुढच्या वर्षीच्या नागपूरच्या एम.एस्सी.ले हो म्हणाली होती. होस्टेलसाठी आत्तापासूनच निळी बादली घेऊन ठेवली होती. आता त्या बादलीत कांदे आहेत. बाबा (तुमचे भाऊ, स्वभाव तुमाले माहीत) परडीसमोरून जाताना फक्त मान वाकडी करून पाहतात. हे मी केलं असं सांगितलं, तर देवीच्या परडीत औषध टाकलं म्हणून नागपूर कॅन्सल. नाही सांगितलं, तर मुळं घराबाहेर निघाली म्हणून नागपूर कॅन्सल. असा रिझल्ट कोणत्याच पुस्तकात नाही.

तुमची, अजून तरी लाडकी,
डिंपल

ता.क. खरं काम हे, की नवमीले तुमी या अन् आईसमोर म्हणा, मुळं वर येणं म्हणजे घराचं नाव वर जाणं. आई तुमचं ऐकते. तुमच्या घरचा जवारा दरवर्षी सरळ येते, हे ती गावभर सांगते. अन् हे खोटं थोडंच आहे, मी शिकली की नाव वर जाईलच.

ता.क. २. एक सांगायचं राहिलं. आईले गहू जास्त झाला होता. पहिल्या माळेले तिनं तुमच्याकडं लाखनीले जो भिजलेला गहू धाडला, तो त्याच डब्यातला. काल फोनवर घटाचा विषय निघाला की तुमी आवाज बारीक करून राहिल्या होत्या, म्हणून विचारते. तुमच्या परडीकडं पाहून तुमाले काय वाटते आत्याबाई, हे देवीनं केलं की मी?